घरी कंपोझिट विमान बांधताय? मग कुठल्या जागेला कुठला फिलर ते आधी बघून घ्या

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं पॅटर्न शॉप आहे, फौंड्रीसाठी लाकडाचे आणि एफआरपीचे (काचकापड आणि रेझिनचे) पॅटर्न करतो, त्यामुळं पुट्टी, रेझिन, काचपेपर यातच दिवस जातो. आणि गेली काही वर्षं आम्ही तिघं मिळून शेडच्या मागच्या भागात फोम आणि काचकापडाचं दोन सीटचं विमान बांधतोय, छोटा पंख पुढं आणि इंजिन मागं असलेलं. हत्तरगीला एरोस्पेसचं सेझ झाल्यापासून आपल्या भागातल्या पोरांना विमानाचं वेड लागलंय, चांगलंच आहे, निपाणी चिकोडीकडनं पण पोरं येऊन बघून जातात, आणि दहातली आठ पोरं एकच प्रश्न विचारतात, "दादा, फिलर कुठला घेऊ?"

या प्रश्नाला एक उत्तर नाही. फिलर ही एक वस्तू नाहीच, विमानात चार-पाच वेगळ्या कामांसाठी चार-पाच वेगळ्या पावडरी रेझिनमध्ये कालवतात, आणि चुकीच्या जागी चुकीची पावडर गेली तर वरनं रंग मारल्यावर कुणाला कळतसुद्धा नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, नव्यानं सुरुवात करणाऱ्यासाठी. एक गोष्ट आधीच सांगतो, उडवायचं विमान असेल तर डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) रजिस्ट्रेशन आणि परवानगी लागतेच, त्यामुळं काम सुरू करायच्या आधी तिकडची चौकशी करा आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक कामाचे फोटो आणि वही ठेवा. आणि तुमच्या प्लॅनमध्ये, म्हणजे विमानाच्या नकाशात आणि सूचनांत, जे लिहिलंय ते माझ्या लेखापेक्षा मोठं. प्लॅन एक म्हणतोय आणि मी दुसरं म्हणतोय असं वाटलं तर प्लॅनचं ऐका.

थोडं मागचं सांगतो म्हणजे पुढचं नीट बसेल. साचा न करता विमान बांधायची ही पद्धत अमेरिकेत विमानांचे डिझायनर बर्ट रुटान यांनी घराघरात नेली. त्यांचं व्हेरीइझी १९७५ साली उडालं आणि लाँग इझी १९७९ साली. पद्धत अशी की गरम तारेनं फोमचा ठोकळा पंखाच्या आकारात कापायचा, त्यावर काचकापड टाकून इपॉक्सी रेझिन लावायचं, संपलं, साचा बिचा काही नाही. आता साचा नाही म्हटल्यावर बाहेरचा पृष्ठभाग कापडाच्या विणीसारखा खडबडीत राहतो, जोडाजवळ खळगे राहतात, ते सगळं भरून घासून गुळगुळीत करायला लागतंय. शिवाय फोमला फोम चिकटवायचा, फोमवर कापड बसवायचं, पंखाला रिब (आतली फासळी) जोडायची, प्रत्येक ठिकाणी रेझिनमध्ये काहीतरी कालवलेलं असतंय. म्हणजे फिलर फक्त फिनिशिंगची गोष्ट नाही, पहिल्या दिवसापासून हातात असते ती.

पायरी पहिली, जागा ओळखा

डब्याकडं बघायच्या आधी जागेकडं बघा आणि स्वतःला विचारा, ही जागा भार घेणार आहे का फक्त आकार देणार आहे? फक्त आकार द्यायचा असेल तर हलकं आणि सहज घासलं जाणारं पाहिजे. भार घ्यायचा असेल तर तंतू असलेलं, कडक, घासायला जीव काढणारं पाहिजे. दोन्ही गुण एकाच मिश्रणात मिळत नाहीत, जे लोण्यासारखं घासलं जातंय ते भाराखाली पण लोण्यासारखंच वागतंय. हे एवढं डोक्यात बसलं की अर्ध्या चुका तिथंच टळतात.

पायरी दुसरी, पावडरी ओळखा

मायक्रो बलून. हे काचेचे पोकळ गोळे, इतके बारीक की हातात घेतलं तर पाण्यासारखे वाहतात. पोकळ असल्यामुळं वजन नगण्य, हलक्या ग्रेडची घनता ०.१५ च्या आसपास, म्हणजे पाण्याच्या सातव्या हिश्श्याएवढी. सगळं भरणं, आकार देणं, फोमला फोम चिकटवणं, फोमवर कापड टाकायच्या आधी फोमची छिद्रं बुजवणं, हे याचं काम. लालसर तपकिरी रंगाचे फिनॉलिक बलून पण मिळतात, आणि प्लास्टिकचे पण असतात, पण प्लास्टिकवाले उन्हाच्या तापाला आणि रंगातल्या थिनरला नाजूक, विमानासाठी मी काचेचेच घेतो.

फ्लॉक्स. म्हणजे कापसाचे बारीक कापलेले तंतू, दिसायला पिंजलेल्या कापसाचा भुगा. रेझिनमध्ये कालवलं की लाकडासारखं घट्ट बसतंय. काचेच्या कडक भागाला काचेचा कडक भाग जोडायचा, अॅल्युमिनियमचा तुकडा आत बसवायचा, कोपरा मजबूत करायचा, तिथं हेच.

एरोसिल. म्हणजे अतिबारीक सिलिकाची पावडर. एफआरपीवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको, आपल्याकडं पॉलिएस्टरच्या कामात पण वापरतात, जेलकोट (वरचा रेझिनचा थर) ओघळू नये म्हणून. इपॉक्सीत पण तेच काम, मिश्रण उभ्या भागावर थांबवून ठेवणं. चिमूट दोन चिमूट पुरते. जास्त घातलं की वाळल्यावर दगड होतंय, काचपेपर वरनं नुसता घसरत जातोय.

मिल्ड फायबर म्हणजे काचेचेच तंतू दळल्यासारखे बारीक केलेले. आतल्या कोनात मजबूत गोलाई द्यायला लागतात. हाताला टोचतात, ग्लोव्हज शिवाय डबा उघडू नका.

आता टाल्क, खडूची पावडर, लाकडाचा भुसा. आमच्या पॅटर्नच्या धंद्यात हे सगळं चालतंय, स्वस्त आहे, पॅटर्न जड झाला तरी कुणाची तक्रार नाही. विमानात यांना जागा नाही. टाल्कची घनता २.७, म्हणजे रेझिनपेक्षा पण जड, आपण हलकं करायला बसलोय आणि वर वजन घालतोय असा प्रकार.

एरोसिल आणि मायक्रो दोन्ही पांढरे, दोन्ही हलके, आणि डब्यावर चिठ्ठी नसेल तर नवीन माणूस गोंधळतोच. ओळखायचं कसं? बलून डब्यात तिरके केले की सरसर वाहतात, भिंगाखाली चकाकणारे गोळे दिसतात. एरोसिल वाहत नाही, फुगलेल्या ढगासारखं गुच्छात राहतंय. तरी माझं सांगणं, आणलेल्या दिवशीच डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा, झाकणावर नको, डब्यावर, कारण झाकणं बदलतात.

पायरी तिसरी, गॅरेजची लांबी (गाडीची पुट्टी) बाजूला ठेवा

हे मी वेगळं लिहितोय कारण सगळ्यात जास्त मोह इथंच होतोय. आपल्याकडं कुठल्याही डेंटिंग पेंटिंगवाल्याकडं लांबी असते, पाच मिनिटात सेट होते, अर्ध्या तासात घासून मोकळं. आमच्या ओळखीचे एक पेंटर अण्णा आहेत, हात इतका साफ की गाडीचा पत्रा कुठं ठोकला होता ते शोधून सापडत नाही. ते एकदा शेडमध्ये आले, पंखाचा खळगा बघितला आणि म्हणाले, "एवढं कशाला कालवत बसताय ओ, लांबी मारतो, जेवायच्या आत होतंय." मी म्हटलं आधी या फोमच्या तुकड्यावर मारून बघू. निळा पॉलिस्टायरिन फोम होता. त्यांनी पात्यानं लांबी ओढली, आणि आमच्या डोळ्यांसमोर पात्याच्या खालचा फोम खचायला लागला, कडेला फेस आल्यासारखं झालं, थोड्या वेळानं बोट घातलं तर खाली पोकळ. अण्णा बराच वेळ तो तुकडा उलटा सुलटा करून बघत होते.

कारण साधं आहे. लांबी पॉलिएस्टर रेझिनची असते आणि त्यात स्टायरिन असतंय, ते पॉलिस्टायरिन फोमला विरघळवतंय. पेट्रोल पण तेच करतंय, म्हणून टाकीच्या भागात हा फोम वापरत नाहीत. बरं, फोम झाकलेला असला, वरती इपॉक्सीचं कापड असलं तरी? तरी नको. इपॉक्सी पूर्ण पिकलेलं, म्हणजे आतून घट्ट झालेलं, नसेल तर त्याच्या हार्डनरमधलं अमाइन पॉलिएस्टरला नीट सेट होऊ देत नाही, तळाला चिकट थर राहतो आणि नंतर तिथनं सुटतंय. शिवाय लांबी आकसते, आणि वजन. साध्या लांबीत टाल्क भरलेला असतो, लिटरला दीड किलोच्या वर जाते.

आता हिशोब करा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे बरोबर एक लिटर माल. छोट्या विमानाचा बाहेरचा सगळा पृष्ठभाग समजा ३० चौरस मीटर धरला आणि सरासरी एक मिलिमीटर भरलं, तर ३० लिटर. लांबीनं ४५ किलो, चांगल्या मायक्रोनं, म्हणजे रेझिनमध्ये कालवलेल्या मायक्रो बलूननं, लिटरला अर्धा किलो धरून १५ किलो. फरक ३० किलोचा, म्हणजे ४० लिटरभर पेट्रोल जमिनीवर ठेवून उडण्यासारखं आहे. आणि हे वजन सगळीकडं सारखं पसरत नाही, शेवटच्या टोकांना जास्त जातंय, त्याचं पुढं सांगतो.

पायरी चौथी, रेझिन आधी, पावडर नंतर

रेझिन आणि हार्डनर वजनानं मोजा, एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या, अंदाजानं नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये पोरं जे एलवाय ५५६ आणि एचवाय ९५१ वापरतात त्याचं प्रमाण वजनानं १०० ला १० च्या आसपास असतंय, विमानाच्या प्लॅनमध्ये वेगळीच सिस्टीम सांगितलेली असेल आणि तिचं प्रमाण पण वेगळं, म्हणून डब्यावरचं वाचा. एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावू नका. आणि घट्ट होत नाही म्हणून हार्डनर वाढवायची सवय पॉलिएस्टरवाल्यांना असते, इपॉक्सीत ते चालत नाही, जास्तीचा हार्डनर तसाच आत पडून राहतो आणि माल कायमचा मऊ राहतोय.

दोन्ही नीट दोन मिनिटं ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडून, आणि मगच पावडर. आधी पावडर घालून नंतर हार्डनर घातला तर तो सगळीकडं पोचत नाही, मऊ डाग राहतात.

पावडर किती? इथं आपण वजनात नाही, मापाच्या कपात बोलतोय.

स्लरी म्हणजे एक कप रेझिनला एक कप मायक्रो. दाट ताकासारखी वाहते. फोमवर ओतायची, रबरी पात्यानं पसरायची आणि जवळजवळ सगळी ओढून काढायची, फक्त फोमची छिद्रं भरलेली राहिली पाहिजेत. वर दिसण्याइतका थर राहिला म्हणजे तेवढं वजन फुकट. याच्यावर लगेच ओलं असतानाच कापड.

वेट मायक्रो म्हणजे एकाला दोन ते चार. थंडीतल्या मधासारखा हळू वाहतो. फोमचे ठोकळे एकमेकांना चिकटवायला.

ड्राय मायक्रो म्हणजे एकाला पाचच्या आसपास. बेळगावातल्या माणसाला समजवायला सोपं आहे, कुंदा. चमच्यावर घेतला तर उभा राहतोय, ओघळत नाही, वरनं चकाकी नाही, दाणेदार दिसतोय. चकाकी दिसली की अजून पावडर पाहिजे. उलट चुरा होऊन पडायला लागलं की जास्त झाली, मग रेझिन सगळ्या गोळ्यांना पोचलेलं नसतंय आणि ते नंतर खपलीसारखं निघतंय. भरायचं आणि आकार द्यायचं सगळं काम याच्यानं.

पावडर जास्त का घालायची तेही आकड्यात बघा. एक लिटर रेझिन साधारण १.१ किलो. त्यात चार लिटर सुटे बलून घातले, सुट्या बलूनमध्ये साठ टक्के गोळे आणि बाकी हवा धरली, तर गोळ्यांचं खरं आकारमान २.४ लिटर आणि वजन ३६० ग्रॅम. एकूण ३.४ लिटर माल, १.४६ किलो, म्हणजे लिटरला ४३० ग्रॅम. तेच दोनच लिटर बलून घातले तर लिटरला ५८० ग्रॅम. आळस करून दोन कप कमी घातले की तेवढ्याच खड्ड्यात तिसऱ्या हिश्श्यानं वजन वाढलं. प्रत्यक्षात ढवळताना थोडे बलून फुटतात, म्हणून मी हिशोबाला अर्धा किलो धरतो. फेटायचं नाही, हळू घडी घालत मिसळायचं.

फ्लॉक्स एकाला दोन कपाच्या आसपास, पण जागेप्रमाणे कमी जास्त. आणि एक गोष्ट, फ्लॉक्स लावायच्या आधी दोन्ही पृष्ठभाग घासून त्यावर नुसतं रेझिन ब्रशनं लावून घ्या. कोरड्या काचेवर घट्ट फ्लॉक्स दाबला तर ते भिजवत नाही, नुसतं टेकून राहतंय.

पायरी पाचवी, आपल्या हातानं तोडून बघा

कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्या पण नको. काचकापडाच्या पिकलेल्या पट्ट्या घ्या, बोटभर रुंद, वीतभर लांब. दोन पट्ट्या टोकाला एक इंच एकमेकांवर ठेवून मायक्रोनं चिकटवा, दुसऱ्या दोन फ्लॉक्सनं. आठवडाभर पिकू द्या. मग एक टोक व्हाइसमध्ये धरून दुसरं हातानं वाकवत सोला.

आम्ही केलं तेव्हा मायक्रोची जोडी फार जोर न लावता सुटली, आवाज पण नाही, आणि दोन्ही बाजूला पांढरी पावडर, भिंतीच्या चुन्यासारखी, बोट फिरवलं तर बोटाला लागत होती. फ्लॉक्सची जोडी सुटेचना. दोघांनी लावून ओढली तेव्हा कडकन आवाज झाला आणि बघितलं तर जोड शाबूत होता, वरच्या पट्टीचं कापडच उभं फाटलं होतं, तंतू बाहेर आलेले. त्या दोन जोड्या आमच्या शेडच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या आहेत. येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी त्या हातात देतो.

म्हणून कापडाच्या दोन थरांच्या मध्ये मायक्रो कधीच नाही. काच आणि काच यांच्या जोडात मायक्रो नाही. बोल्ट जिथनं जाणार तिथं मायक्रो नाही. फोमच्या ठोकळ्याची धार, जिथं दोन बाजूचं कापड कोपऱ्यात भेटतंय, तिथला फोम थोडा कापून काढून ती खाच फ्लॉक्सनं भरायची, त्याला फ्लॉक्स कॉर्नर म्हणतात, तिथं पण मायक्रो भरून चालत नाही कारण कोपरा त्याच्यावरच उभा असतोय.

आपल्या हवेचं काय

हे कुठल्याच प्लॅनमध्ये लिहिलेलं नसतंय कारण ते लोक कोरड्या भागात बसून लिहितात. रुटान कॅलिफोर्नियाच्या मोहावीच्या वाळवंटात होते, आपण घाटमाथ्याजवळ आहोत, जूनपासून सप्टेंबरपर्यंत खानापूरकडं तर विचारायलाच नको. दमट हवेत इपॉक्सी पिकताना वरती तुपकट मेणचट थर येतोय, हात फिरवला तर साबण लावल्यासारखा लागतोय. त्याच्यावर तसंच भरलं तर चिकटत नाही. आणि नुसता घासला तर तो थर काचपेपरनं आत रगडला जातोय. आधी साधं कोमट पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, पुसून कोरडं करा, मग घासा.

कापूस तर ओल ओढतोच. आम्ही फ्लॉक्सचा डबा एका प्लायच्या पेटीत ठेवतो, पेटीत एक साधा पिवळा बल्ब चोवीस तास चालू, आत कोमट राहतंय. मायक्रो पण तिथंच. पावसाळ्यात आम्ही मोठं ले अप (कापड आणि रेझिन बसवायचं काम) काढत नाही, तेव्हा छोटे पार्ट, मेटलचं काम, हिशोब, कागदपत्रं. भरण्याचं मोठं काम दिवाळीनंतर, हवा कोरडी आणि थंड असताना.

एप्रिलमध्ये उलटं दुखणं. दहा डिग्री तापमान वाढलं की कपातलं आयुष्य, म्हणजे मिश्रण घट्ट व्हायच्या आधी मिळणारा वेळ, जवळजवळ निम्मं होतंय. सकाळी सातला सुरू करा. आणि मायक्रो घातलेला मोठा कप तसाच ठेवू नका, पोकळ काच उष्णता बाहेर जाऊ देत नाही, आत तापत तापत धूर येतोय. छोटे कप, पसरट ताट. खोल खड्डा असेल तर एकदम भरू नका, आतला फोम तापून आकसतो, दोन तीन वेळा थर द्या.

पायरी सहावी, भरायचं आणि घासायचं

नवीन माणूस काय करतोय, जिथं खळगा दिसला तिथं थोडं, दुसऱ्या दिवशी शेजारी थोडं, असं ठिगळ ठिगळ लावतोय. मग प्रत्येक ठिगळाची घट्टता वेगळी. काचपेपर मऊ ठिगळ पटकन खातोय, कडक मागं ठेवतोय, आणि घासेल तितकं जास्त लाटा पडतात. त्यापेक्षा सगळा भाग एकाच वेळी, एकाच प्रमाणाच्या मिश्रणानं, पाहिजे त्यापेक्षा थोडा वर भरा आणि मग त्यातला बराचसा घासून काढा. जमिनीवर पांढरा ढीग पडतो तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, जे जमिनीवर पडलं ते उडणार नाही.

लांब लाकडी फळी, निदान दोन फूट, सरळ रंधलेली, तिला ३६ किंवा ४० नंबरचा काचपेपर. हातात नुसता कागद धरून घासलं तर बोटांचे खड्डे पडतात. पंखावर तिरकं घासायचं, एकदा या बाजूनं तिरकं, एकदा त्या बाजूनं. पेन्सिलनं अख्ख्या भागावर रेघोट्या मारा, घासल्यावर रेघ राहिली तो खळगा, गेली तो उंचवटा. काच दिसायला लागली की थांबा. काच घासायची नाही, वरचं कापड म्हणजे तुमचा पंखच आहे, एक थर खाल्ला तर त्याचं बळ गेलं.

आकाराला एवढं महत्त्व का, तर आपल्या पावसाशीच जोडलेली गोष्ट आहे. लाँग इझीच्या पुढच्या छोट्या पंखाचा पहिला आकार असा होता की पावसाचे थेंब बसले की त्याची उचल कमी व्हायची आणि पायलटला कंट्रोलची काठी मागं ओढून धरायला लागायची. नंतर जॉन रॉन्झ यांनी नवीन आकार काढून दिला, तो पावसात शहाण्यासारखा वागतोय. थेंबांनी एवढा फरक पडतोय, मग आपण मिलिमीटरभर चुकीचं भरलं तर काय होईल याचा विचार करा. पुढच्या धारेला टेम्प्लेट लावून तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

शेवटी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं राहतातच, बलून अर्धे कापले जातात ना. त्यावर नुसतं इपॉक्सी पात्यानं अगदी पातळ ओढून घ्या, दोन तीन वेळा, मग ऊन अडवणारा प्रायमर, कारण इपॉक्सीला ऊन सोसत नाही. आणि रंग पांढराच. आम्हाला पण लाल पट्टे पाहिजे होते, सोडून दिले. घरच्या तापमानाला पिकवलेलं इपॉक्सी साठ सत्तर डिग्रीला मऊ पडायला लागतंय, गडद रंगाचा पृष्ठभाग मे महिन्यात त्याच्या वर सहज जातोय.

पूर्ण झाल्यावर एक रुपयाच्या नाण्यानं सगळीकडं टकटक करत जा. टण टण असा कोरडा आवाज आला तर बसलंय. मध्येच भद्द आवाज आला तर तिथं कापड सुटलंय किंवा पोकळी आहे, पेन्सिलनं गोल करा. शेडमधला रेडिओ बंद करून करा.

घासताना अंगाची काळजी

बलूनची धूळ दिसत नाही पण हवेत तासन्‌तास तरंगते, आणि ती काच आहे. रुमाल बांधून चालत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क, डबा उघडताना पण. इपॉक्सीची आणखी एक गोष्ट, सुरुवातीला काही होत नाही म्हणून लोक उघड्या हातानं काम करतात, आणि एक दिवस अंगच नकार देतंय. आमच्या तिघांतल्या एकाला तसं झालं, मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ, डोळे सुजले, आणि आता हार्डनरचा डबा उघडला की त्याला शेडच्या बाहेर जावं लागतंय. गेल्या दोन वर्षांपासून तो फक्त वायरिंग आणि मेटलचं काम करतोय. नायट्रिल ग्लोव्हज, दर वेळी नवीन. हाताला लागलंच तर साबण पाणी, थिनर नाही, थिनर रेझिनला कातडीच्या आत नेतोय.

शेवटची पायरी, हलणारे भाग तोलून बघा

एलेव्हेटर, एलेरॉन, हे जे बिजागरीवर हलतात त्यांच्यावर फिलर लावताना हात आखडता घ्या. बिजागरीच्या मागं घातलेला प्रत्येक ग्रॅम त्या भागाचं मागचं टोक जड करतोय, आणि मागं जड झालेला भाग वेगात थरथरायला लागतोय, त्याला फ्लटर म्हणतात, आणि तो सुरू झाला की काही सेकंदात भाग तुटून जाऊ शकतोय. म्हणून तोल रंग मारल्यानंतर बघायचा, आधी बघितलेला धरायचा नाही.

आम्ही दोन स्टँडवर पातळ सळई आडवी ठेवून त्यावर बिजागरीच्या छिद्रातनं एलेव्हेटर टांगला. रंगाच्या आधी नाक, म्हणजे एलेव्हेटरची पुढची धार, प्लॅनमध्ये सांगितलंय तेवढं खाली जात होतं. भरून, घासून, रंग मारून परत टांगला, तर तो आडवा होऊन हळूहळू शेपटाकडं झुकला. नाकात शिसं वाढवलं असतं तर पाच मिनिटात तोल आला असता, पण मग दोन्हीकडचं वजन राहिलं असतं, आणि प्लॅनमध्ये एकूण वजनाची पण मर्यादा दिलेली असते. काट्यावर ठेवला, वहीतल्या कोऱ्या वजनापेक्षा बराच वर. मग मागच्या दोन इंचातला रंग आणि फिलर परत घासला, काच दिसेपर्यंत नाही पण जवळ जवळ, तिथं नको तेवढं साचलं होतं. पुन्हा पातळ प्रायमर, पुन्हा रंग, पुन्हा सळईवर. तिसऱ्या वेळी नाक खाली गेलं आणि थांबलं. वजन वहीत लिहिलं, तारीख घातली, आणि मग दुसरा एलेव्हेटर घेतला.